चष्मा वाकडा नव्हता

९ फेब्रुवारी

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच फाडशील अशी भीती आहे. म्हणून आधीच सांगतो, भांडायला लिहीत नाहीये. पत्ता मला काचा विकायला येतो त्या माणसाने दिला. तुमच्या वर्कशॉपमध्येही तोच माल देतो म्हणे. तिकडे अवघड चेहऱ्यांचे चष्मे सगळे तुझ्याकडेच येतात आणि लोक तुला मॅडम म्हणतात, हेही मला मुद्दाम ऐकवून गेला. म्हणोत बापडे. मी नऊ वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, तूही लिहिली नाहीस. फिट्टंफाट.

काम एवढंच आहे. एका गिऱ्हाइकाची सात वर्षांची मुलगी आहे. धातूची हलकी फ्रेम, नंबर फार नाही. डिसेंबरात मीच चष्मा बसवला, अगदी फिट. जानेवारीत तक्रार आली की डावी काच पापणीला लागते. बघितलं तर खरंच, डाव्या काचेवर पापण्यांचे तेलकट फराटे आणि उजवी लख्ख. मी नाकावर टेकते ती डावी गादी वाकवून काच पुढे घेतली. दोन आठवडे बरे गेले, मग परत तेच. परत वाकवली. आता तिसऱ्यांदा. काड्या तपासल्या, स्क्रू तपासले, फ्रेम काचेच्या टेबलावर उलटी ठेवून पाहिली. मुलगी चष्मा लावून झोपते, त्याने वाकत असेल असं माझं मत आहे.

लहान मुलांच्या फ्रेममध्ये असं होताना तू पाहिलंयस का? बाकी दुकान आहे तिथेच आहे. तुझी वहिनी बरी आहे.

दादा

१८ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी! बाबांनी तुला काटकसर जरा जास्तच शिकवली. 'फ्रेमला हात लावू नकोस. मुलीला खुर्चीत बसव, तिच्या मागे उभा राहा, मान मागे टाकायला सांग आणि कपाळावरून खाली बघ. कोणता डोळा पुढे दिसतो? आणि गिऱ्हाईक कोण ते खरं सांग, परक्याच्या पोरीसाठी तू मला पत्र लिहिणारा नाहीस.'

तुझ्यापासून काही लपत नाही, हे मी विसरलो होतो.

गिऱ्हाईक नाही. माझी मुलगी आहे. तू गेल्यावर दोन वर्षांनी झाली. एका जागी दोन मिनिटं बसत नाही म्हणून तिला आम्ही मुंगी म्हणतो. तुला भाची झाल्याचं मी कळवलं नाही, आणि पहिल्या पत्रात तिला गिऱ्हाइकाची करून टाकली. माझी मुलगी म्हणून विचारलं असतं तर तुझ्यापुढे हात पसरल्यासारखं झालं असतं ना! पडलो तरी नाक वर.

कार्ड आलं त्याच सकाळी तिला खुर्चीत बसवलं. म्हटलं मान मागे टाक. ती म्हणाली, "बाबा, दाढी करणार का माझी?" मी हसलो आणि वरून खाली पाहिलं. धाकटे, उजव्या बाजूला कपाळाच्या कडेपलीकडे नुसत्या पापण्यांची टोकं दिसत होती. डाव्या बाजूला पापणीसकट अख्खा डोळा दिसत होता. मी पट्टी घेतली, डोळ्याच्या बाहेरच्या हाडापासून बुबुळाच्या टोकापर्यंत बाजूने मोजलं, दोन्हीकडे, तीन वेळा. डावा तीन मिलिमीटर पुढे.

चष्मा वाकडा नव्हताच. डोळा पुढे येत होता, आणि मी दर दोन आठवड्यांनी पक्कड घेऊन त्याला जागा करून देत होतो. धंदा चष्म्याचा आणि घरात दिव्याखाली अंधार.

तुझी वहिनी महिनाभर सांगत होती की पोरीचा डोळा सुजल्यासारखा वाटतो. जवळच्या डॉक्टरांनी आधी ॲलर्जी म्हणून थेंब दिले, मग जंतू म्हणून गोळ्या दिल्या. मी तिला म्हणालो, "तू डोळ्यांतलं मला शिकवू नकोस." आता ती माझ्याशी एक शब्द बोलत नाही. बोलली असती तर बरं, असं पहिल्यांदाच वाटतंय.

आणि हो, तू ज्या दिवशी दुकान सोडून गेलीस तो दिवस मला आठवला. तो सायकल दुरुस्त करणारा माणूस. त्याला तू असंच मागे उभं राहून वरून पाहिलं होतंस आणि म्हणाली होतीस, चष्मा देणार नाही, आधी डॉक्टरकडे जा. मी सगळ्यांदेखत तुझ्या हातातून चष्मा ओढून घेतला, गादी वाकवली आणि त्याला दिला. "गिऱ्हाईक चष्मा न्यायला येतं, तपासून घ्यायला नाही," असं म्हणालो होतो. तू हत्यारांची गुंडाळी काखेत मारलीस आणि निघालीस. बाबा म्हणायचे, आधी चेहरा, मग फ्रेम. तुला ते एकदा सांगून कळलं. मला अजून कळायचंय.

उद्या डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात नेतोय. भीती वाटते, खोटं कशाला बोलू.

दादा

५ मार्च

धाकटे,

एका दमात लिहितो, मध्ये थांबलो तर पुढे लिहिणार नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने तुझ्याएवढ्याच असतील, आणि चणीने इतक्या लहान की यंत्रापाशी पायाखाली स्टूल घेतात. मुंगीने विचारलं, "तुम्ही पण मोठ्या व्हायच्या आहात का?" त्या म्हणाल्या, "प्रयत्न चालू आहे." तिथेच दोघींची गट्टी जमली. त्यांनी मुंगीला खुर्चीत बसवलं, मागे गेल्या, मान मागे टाकायला सांगितली आणि कपाळावरून खाली पाहिलं. अगदी तुझ्यासारखं! बाई एवढं शिकून जे करतात ते तू दुकानातल्या मोडक्या खुर्चीपाशी करायचीस, आणि मी लाजायचो की ही गिऱ्हाइकांच्या डोक्यावर का उभी राहते.

फोटो काढला यंत्रात. डाव्या डोळ्यामागे गाठ निघाली. मी पहिलं काय विचारलं असेल? "डोळा जाणार का?" बाई म्हणाल्या, "डोळ्याची काळजी तुम्ही धंद्याच्या सवयीने करताय. मला मुलीची करू द्या."

मला वाटलं, गाठ आहे, कापतील, काढतील. त्या म्हणाल्या, सुरीची घाई नाही, आधी लहानसा तुकडा आणि रक्त तपासायचं. रक्ताचा कागद आला तर जवळजवळ ठीक. मी तुझ्या वहिनीचा हात धरला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने धरू दिला. म्हटलं, "बाई, रक्त चांगलं आहे ना? मग सुटलो!"

बाई स्टुलावर बसल्या. म्हणजे आमच्या डोळ्यांच्या पातळीला आल्या. म्हणाल्या, "रक्त अजून बरं दिसतंय, पण एवढ्यावर मी निश्चिंत नाही. रक्ताचा कॅन्सर कधी कधी रक्तात नीट दिसायच्या आधी डोळ्यामागे गाठ होऊन येतो. फार क्वचित, पण लहान मुलांत येतो. म्हणून तुकड्याची वाट बघू."

तुकड्यात तोच कॅन्सर निघाला. मग रक्त जिथे तयार होतं तो कमरेच्या हाडातला मगज काढून तपासला, त्यातही त्याच वाईट पेशी. ल्युकेमिया. मी इतकी वर्षं डोळ्यांत बघतोय, डोळ्यातून रक्ताचं काही कळतं हे मला कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो.

आता गाठ कापायची नाही. मुंगीला कॅन्सरच्या वॉर्डात हलवलंय, बाई तिथेही येतात. औषधं नळीतून रक्तात सोडायची, तीच गाठीपर्यंत जातील. पाच-सहा महिने, एकेक फेरी. पहिल्या फेरीनंतर मगज पुन्हा तपासतील, आणि तो स्वच्छ निघाला तर पुढची वाट सोपी. नाही निघाला तर काय, हे मी विचारलं. बाईंनी सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही.

एक मात्र लिहितो. बाई म्हणाल्या, अजून महिना-दीड महिना गेला असता तर पोर फार खालावलेल्या अवस्थेत आली असती, आता औषधं झेलायला अंगात ताकद आहे. तो महिना तू दिलास धाकटे. चार ओळींच्या कार्डाने.

दादा

२७ मार्च

धाकटे,

तुझी पत्रं येतात, पण पाकिटावर मुंगीचं नाव! मला एक नाही. ती वाचून उशीखाली ठेवते आणि मला म्हणते, "आत्याचं खाजगी आहे." मी बाप आहे तिचा, म्हटलं, तर म्हणते, "मग तुम्ही पण आत्याशी मैत्री करा." घ्या! सात वर्षांची पोर मला अक्कल शिकवते, आणि तुझ्याच तालमीत. एक चित्र मात्र तिने दाखवलं, तू काढलेलं. निरनिराळ्या नाकांचे लोक आणि कुणाला कोणती गादी लागते ते. भोपळ्यासारख्या नाकाच्या माणसाखाली 'तुझे बाबा' लिहिलंयस. वॉर्डातल्या सगळ्या नर्सबाईंनी पाहिलं ते. चांगलंय.

केस गेले. कंगवा फिरवला की पुंजकेच्या पुंजके येत. तुझी वहिनी बाथरूममध्ये जाऊन रडली, आणि मुंगी आरशात बघून म्हणाली, "आता चष्म्याच्या काड्यांत केस अडकणार नाहीत." तोंडात फोड आले, गिळता येईना, तरी नर्सबाईंना दटावते की सुई वाकडी धरू नका. बारा दिवस ताप होता. त्या बारा दिवसांत मी देवाला काय काय कबूल केलं ते सगळं पाळायचं तर मला दुकान बंद करावं लागेल.

पण डोळा मागे जातोय! मी रोज सकाळी पट्टीने मोजतो. तीन, मग अडीच, मग दोन, परवा एक. काल मला फरक मोजताच येईना. तेव्हा तुझी वहिनी आपण होऊन माझ्याशी बोलली. म्हणाली, "पट्टी ठेवा आता, पोरीच्या डोळ्याची कड लाल झालीय."

वॉर्डात एका वेळी एकालाच आत सोडतात, तोंडाला मास्क आणि वरून झगा. बाकीच्यांनी बाहेर बाकावर बसायचं, मधे मोठी काच. मी आणि तुझी वहिनी आळीपाळीने जातो.

डॉक्टरीणबाई अधूनमधून विद्यार्थ्यांना घेऊन येतात. सांगतात, हिचे वडील चष्म्याचं दुकान चालवतात, काच पापणीला का लागते याचा त्यांनी पाठपुरावा केला, म्हणून रोग लवकर सापडला. मुलंमुली माझ्याकडे बघतात. एकजण तर वहीत लिहून घेत होता.

बरं, पुरे. मगजाची तपासणी दहा तारखेला. रिपोर्टला दोन दिवस.

दादा

१२ एप्रिल, दुपार, वॉर्डाबाहेरचा बाक

धाकटे,

तू काचेच्या आत आहेस आणि मी बाहेर. तुझ्या पाठीकडे बघत लिहितोय. हा कागद नर्सबाई तुला आत देतील.

तू सकाळी न कळवता बॅग घेऊन समोर उभी राहिलीस. तू "दादा, जाड झालास" म्हणालीस, मी "प्रवास कसा झाला" म्हणालो. नऊ वर्षांनी एवढंच! मग तू हात धुऊन झगा चढवून आत गेलीस. तिने तुला कधी पाहिलं नव्हतं, तोंडावर मास्क होता, तरी मुंगीने तुला लगेच ओळखलं. मी दोन तास बघतोय, तू तिला हसवते आहेस. मला असं हसवता येत नाही.

तोंडावर सांगायचं धाडस नाही म्हणून लिहितो. दोन गोष्टी आहेत.

पहिली. विद्यार्थ्यांपुढे बाई माझं कौतुक करायच्या ते मी गिळून गप्प बसायचो. तीन वेळा गप्प बसलो. मागच्या पत्रात तुला ते लिहिलंही, पण खरं काय ते बाईंना सांगितलं नाही हे लपवलं. तू आत गेल्यावर आज पुन्हा बाई विद्यार्थ्यांना घेऊन आल्या आणि तेच सुरू केलं. मी उभा राहिलो. म्हटलं, "बाई, मी पाठपुरावा नाही केला. मी दोनदा फ्रेम वाकवली. ओळखलं माझ्या धाकट्या बहिणीने, पत्रावरून, पोर न बघता. ती बघा, आत बसलीय." सगळे काचेतून तुझ्याकडे बघायला लागले. तुला वाटलं असेल, काय बघतायत मेले! बाई म्हणाल्या, "पत्रावरून?" मग म्हणाल्या, त्यांना तू हवी आहेस, गावोगावच्या चष्मेवाल्यांना ते वरून बघणं शिकवायला. मी म्हटलं, तिलाच विचारा, तिच्या वतीने बोलायचा मला हक्क नाही.

दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे.

तो सायकल दुरुस्त करणारा. तू गेलीस त्यानंतर चार महिन्यांनी त्याची बायको दुकानात आली. मी बसवलेला चष्मा तिने काउंटरवर ठेवला. म्हणाली, कुणा गरजूला द्या, ते गेले. मी विचारलं, कशाने? म्हणाली, रक्ताचा कॅन्सर, आधी डोळा पुढे आला होता पण आम्हाला कळलं नाही, उशीर झाला. आणि म्हणाली, "तुमच्याकडच्या त्या ताई म्हणाल्या होत्या डॉक्टरकडे जा. हे म्हणाले, दुकानदारांनी चष्मा दिलाय, म्हणजे काही नसेल." ती रागावून नव्हती बोलत. रागावली असती तर सोसलं असतं.

म्हणजे तू बरोबर होतीस हे मला नऊ वर्षांपासून माहीत आहे. तेव्हाच तुला लिहिलं असतं तर तू परत आली असतीस, हेही माहीत होतं. पण लिहायचं म्हणजे एका माणसाच्या बाबतीत माझ्या हातून काय झालं ते कागदावर उतरवायचं. मी तो चष्मा दिला नाही कुणाला, आणि तुलाही कळवलं नाही. लोकांना सांगत राहिलो की बहीण तापट आहे, निघून गेली. आणि इतकं सगळं ठाऊक असून स्वतःच्या पोरीची काच पापणीला लागली तेव्हा मी पक्कडच उचलली. का, ते मलाही सांगता येत नाही. बघायचंच नव्हतं मला, बहुतेक.

बाबा तुला माझ्यापेक्षा चांगली कारागीर म्हणायचे तेव्हा माझा जळफळाट व्हायचा. ते कमी म्हणायचे. मला चष्मे बसवता येतात. तुला माणूस बघता येतो, आणि त्यासाठी भरल्या दुकानात अपमान सोसायची तुझी तयारी होती. असं कुणी माझ्या घरात जन्मलं आणि मी तिला घालवून दिलं.

हे न सांगता चाललं असतं. तू आली आहेस, पोर खूश आहे. पण ती तुझ्याकडे ज्या विश्वासाने बघतेय ते पाहून मला खोटं बाकी ठेवून बसवेना. हे वाचून तू उठून गेलीस तर माझी तक्रार नाही. फक्त मुंगीला सोडू नकोस.

थांब. बाई येतायत. हातात कागद आहे.

धाकटे, स्वच्छ आहे. स्वच्छ! मगजात एकही वाईट पेशी दिसली नाही. मी दोनदा वाचायला लावलं. तुझी वहिनी बाकावर तोंड झाकून रडतेय आणि मला अक्षर दिसेना झालंय. अजून चार फेऱ्या आहेत, बाई म्हणाल्या, वाट लांब आहे, पण पहिलं पाऊल अगदी हवं तसं पडलं. त्या म्हणाल्या, आत जा, बहिणीला बाहेर बोलवा आणि मुलीला तुम्ही सांगा. वडिलांच्या तोंडून ऐकू दे.

मी झगा घातलासुद्धा. मग काढून ठेवला.

तिला तू सांग. तिने हे तुझ्या तोंडून ऐकावं अशी माझी इच्छा आहे. मी आणि तुझी वहिनी काचेला नाक लावून उभे आहोत, तिचा चेहरा आम्हाला दिसेल अशी जरा बाजूला सरकून बस.

सांगून झालं की बाहेर ये, आणि मला काय बोलायचं ते सगळं बोल. मी इथेच आहे.

दादा